बॉम्बे हायला निघालात? आधी कागद पाहा

“मुलाला बॉम्बे हायला बोटीवर लावतो म्हणतायत. दोन लाख मागतायत. द्यावेत का?” रत्नागिरी-सिंधुदुर्गातून, उरण-अलिबागकडून, आणि अलीकडे समुद्र न पाहिलेल्या तालुक्यांतूनही हा प्रश्न येत राहतो. रक्कम बदलते, प्रश्न तोच. उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. खलाशाला नोकरी लावून देण्याबद्दल त्याच्याकडूनच पैसे घेणं बेकायदा आहे; पावती दिली तरी, आणि ‘नंतर परत मिळतील’ असं सांगितलं तरी.

पण तेवढ्याने तुमचं भागणार नाही, कारण नोकऱ्या खऱ्या आहेत. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात, बॉम्बे हाय म्हणजेच मुंबई हायला, १९७४ साली तेल सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तेव्हापासून तिथल्या प्लॅटफॉर्मना आणि रिगना डिझेल, पाणी, सिमेंट, पाइप, भाजीपाला आणि माणसं पोचवणाऱ्या बोटी ये-जा करत आहेत. पनवेल-उरणच्या बाजूला न्हावा इथे ओएनजीसीचा पुरवठा तळ आहे तो त्यासाठीच. तेव्हा पैसे न देता या नोकरीपर्यंत कसं पोचायचं, कोणता कोर्स उपयोगाचा, कोणता फुकटचा खर्च, आणि काही बिघडलं तर कोणाचं दार ठोठावायचं, हे नीट पाहू.

सगळ्यात आधी: तुम्ही कोणाच्या कागदावर आहात?

निम्मा गोंधळ इथेच आहे. समुद्रात काम करणारा प्रत्येक जण कायद्याच्या लेखी खलाशी नसतो. एकाच लाटेवर, शेजारी शेजारी, दोन वेगळ्या जातकुळीची माणसं काम करत असतात.

पहिला प्रकार जहाजाच्या क्रूचा. बोसन, एबी आणि ओएस हे डेकवरचे खलाशी, ऑइलर, भंडारी, इंजिनीअर, कॅप्टन हे सगळे त्यात आले. यांच्याकडे सीडीसी, म्हणजे खलाशाचं सेवापुस्तक असतं, यांचं साइन-ऑन नोंदलं जातं, यांना खलाशी म्हणून व्यापारी जहाजवाहतुकीच्या कायद्याचं आणि एमएलसी या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराचं संरक्षण असतं. भारताने हा करार ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्य केला.

दुसरा प्रकार कंत्राटी कामगारांचा. वेल्डर, रिगर, फिटर, पेंटर, स्कॅफोल्डर, केटरिंगची मुलं. ते राहतात बार्जवर, काम करतात प्लॅटफॉर्मवर, आणि त्यांचा मालक असतो ठेकेदार. पुष्कळदा ठेकेदाराचा उपठेकेदार. यांना खलाशांचे नियम आपोआप लागू होतात असं समजू नका. त्यांचे हक्क कामगार कायद्यांतून, विम्यातून आणि नेमणूकपत्रातून येतात. नेमणूकपत्रच नसेल, तर दुर्घटनेनंतर तुम्ही त्या बार्जवर होतात हे सिद्ध करण्यापासून घरच्यांची सुरुवात होते.

म्हणून एजंटला पगार विचारण्याआधी हे विचारा: “माझी नेमणूक कोण करणार, कोणत्या पदावर, आणि सही कोणाची असेल?” ‘ओएनजीसीची नोकरी’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. पुरवठा बोटींवरचा क्रू सहसा जहाजमालक किंवा क्रू पुरवणारी कंपनी भरते, बार्जवरचे कामगार ठेकेदार भरतो. ओएनजीसीची स्वतःची भरती जाहीर जाहिरातीने, तिच्या संकेतस्थळावरून होते. चहाच्या टपरीवर नाही.

कोणती बोट म्हणजे कोणतं काम

एजंट सगळ्यालाच ‘ऑफशोअर’ म्हणतो. तुम्ही बोटीचा प्रकार विचारा, कारण काम, धोका आणि पुढची वाट त्यावर ठरते.

- पुरवठा बोट (पीएसव्ही): राहण्याची जागा आणि ब्रिज पुढे, मागे लांबलचक मोकळा डेक. डेकवर केसिंग पाइप आणि कंटेनर. पोटातल्या टाक्यांत डिझेल, पाणी, ड्रिलिंगचा मड, आणि सिमेंट-बराइट-बेंटोनाइटची भुकटी. ही भुकटी हवेच्या दाबाने होजमधून रिगवर चढवतात.
- अँकर हँडलर (एएचटीएस): रिग ओढणं, तिचे नांगर टाकणं-उचलणं. जाड वायर, प्रचंड ताण. पैसे जरा बरे, अंगावर बेतण्याची शक्यताही जास्त.
- सपोर्ट जहाज (एमएसव्ही, डीएसव्ही): पाणबुडे, दुरुस्ती, आग विझवणं. क्रू मोठा, शिस्त कडक.
- क्रू बोट: माणसं आणि किरकोळ सामान. छोटी, वेगवान, पोटातलं सगळं ढवळून काढणारी.
- राहण्याचा बार्ज: बहुतेकांना स्वतःचं इंजिन नसतं, टग ओढून नेते, नांगरांवर उभा राहतो. पावसाळ्यापूर्वी काम आवरून किनाऱ्याकडे आणायचा असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिली नोकरी असेल तर माझं मत पुरवठा बोटीच्या बाजूने आहे. काम शिकायला मिळतं, डेकवर जुनी माणसं असतात, बंदराला बोट वरचेवर लागते. अँकर हँडलरवर पहिल्याच खेपेला जाऊ नका, दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील.

आत शिरण्याच्या वाटा

दहावी झालेल्यांसाठी सरळ वाट म्हणजे सहा महिन्यांचा जीपी रेटिंग कोर्स: विज्ञान, गणित, इंग्रजीसह दहावी, किमान ४० टक्के, इंग्रजीतही ४०, आणि वयाची अट. स्वयंपाकघराची आवड असेल तर सागरी केटरिंगचा सहा महिन्यांचा कोर्स. आयटीआय फिटर वा इलेक्ट्रिशियन असाल तर त्या हुद्द्याची वाट वेगळी. बारावीला भौतिक-रसायन-गणित असेल आणि अधिकारी व्हायचं असेल तर भारतीय सागरी विद्यापीठाची, म्हणजे आयएमयूची प्रवेश परीक्षा. तो विषय मोठा आहे, इथे नको.

पैसे भरण्याआधी हा क्रम पाळा:

1. डोळे तपासा. डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या यादीतल्या डॉक्टरकडूनच. रंगांधळेपणा असेल तर डेकवरची नोकरी मिळत नाही, आणि हे कोर्सची फी भरून झाल्यावर कळणारे दरवर्षी निघतात. ही एक तपासणी तुमचे लाखभर रुपये वाचवू शकते.
2. संस्था मान्यताप्राप्त आहे का ते पाहा. यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर आहे. ‘गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड’ अशी पाटी कोणीही रंगवून घेतं. कोणत्या कोर्ससाठी मान्यता आहे हेही पाहा. एका कोर्सची मान्यता दुसऱ्याला चालत नाही.
3. प्लेसमेंटचं आश्वासन लेखी मागा. कोणत्या कंपनीत, मागच्या तुकडीतले किती जण बोटीवर चढले. त्यांपैकी दोघांचे फोन मागा आणि खरोखर करा.
4. आधी इंडोस नंबर (खलाशाचा ओळख क्रमांक), मग कोर्स, मग सीडीसी. अर्ज ऑनलाइन असतात, तुम्ही स्वतः भरू शकता. लॉगिन आणि पासवर्ड एजंटच्या ताब्यात ठेवू नका.

‘आठवड्याचे सेफ्टी कोर्स करा, बोट पक्की’ हे सरळ खोटं. जगण्याची तंत्रं, अग्निशमन, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा, जहाजाची सुरक्षाव्यवस्था हे कोर्स आवश्यक आहेत, पण ते दाराशी उभं राहण्यापुरते. त्यांनी कोणी डेकवरचा खलाशी होत नाही.

हेलिकॉप्टरने जावं लागणार असेल, आणि जुहूहून ओएनजीसीची माणसं तशीच जातात, तर पाण्यात कोसळलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचं प्रशिक्षण लागतं. त्याला हूएट म्हणतात. परदेशी कंपन्या बहुधा बोसिएट मागतात. त्यात हूएट आलंच, आणि ते चार वर्षं चालतं. गोव्यात बेतूल इथे ओएनजीसीची सुरक्षा प्रशिक्षण संस्था आहे. पण नोकरीचं पत्र हातात येण्याआधी स्वखर्चाने हा कोर्स करायची घाई नको. पुष्कळ कंपन्या स्वतः पाठवतात.

‘डीपी’ कोर्सचा मोह

आधुनिक पुरवठा बोट प्लॅटफॉर्मशेजारी नांगर न टाकता, संगणक आणि थ्रस्टर यांच्या जोरावर जागच्या जागी उभी राहते. ही यंत्रणा म्हणजे डीपी. ती चालवणाऱ्या डीपी ऑपरेटरला पगार चांगला असतो, म्हणून हा कोर्स विकणारेही पुष्कळ. लंडनच्या नॉटिकल इन्स्टिट्यूटच्या योजनेत त्याचं प्रमाणपत्र मिळवायला सक्षमता प्रमाणपत्र, म्हणजे अधिकाऱ्याचं सीओसी लागतं. शिवाय दोन कोर्सच्या मध्ये आणि नंतर डीपी बोटीवरचा काळ लॉगबुकात भरावा लागतो. तुम्ही जीपी रेटिंग असाल आणि कोणी पहिला डीपी कोर्स गळ्यात मारत असेल, तर उठून चालू लागा.

एजंट खरा की खोटा

भारतातून खलाशांची भरती करायला आरपीएसएल नावाचा परवाना लागतो. तो डीजी शिपिंग देतं. बेलापूर, वाशी, अंधेरीत परवानावाल्यांची कार्यालयं जशी आहेत तशी त्याच इमारतींत बिनपरवाना टेबलंही आहेत. ओळखायचं कसं?

- परवाना क्रमांक मागा आणि डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावरच्या यादीत तो चालू आहे का ते पाहा. निलंबित आणि रद्द झालेल्यांचीही नोंद तिथे असते.
- यादीतल्या फोनवर स्वतः फोन करून विचारा: “अमुक माणूस तुमचा आहे का? ही जागा खरी आहे का?” मोठ्या कंपनीचं नाव आणि शिक्का चोरून बनवलेली पत्रं सर्रास फिरतात.
- पैसे वैयक्तिक खात्यात वा गुगल पेवर मागितले, की चर्चा संपली. एमएलसीप्रमाणे खलाशाने स्वतः करायचा खर्च म्हणजे पासपोर्ट, सीडीसी आणि ठरलेली वैद्यकीय तपासणी, एवढाच. व्हिसाचा खर्चही मालकाचा.
- ‘दुसऱ्या देशाची सीडीसी काढून देतो, कोर्सची गरज नाही’ असं कोणी म्हणालं तर समजा की माल विकला जातोय तो तुम्ही. भारतीय कागद नाही, सेवेची नोंद नाही, आणि पुढे परीक्षेला बसताना तो काळ धरला जात नाही.

सगळे एजंट लबाड असतात असं नाही. काही जण तीस-तीस वर्षं गावोगावच्या मुलांना नीट बोटीवर पाठवत आले आहेत. पण चांगल्या माणसाला परवाना क्रमांक विचारल्याचा राग येत नाही.

करार वाचताना

करारावर सही करण्याआधी तो वाचायला आणि कोणाला तरी विचारायला वेळ मिळणं हा तुमचा हक्क आहे. विमानतळावर पाकीट देऊन ‘इथे सही कर’ म्हणणाऱ्याला तोच हक्क मोडायचा असतो. सहीची मूळ प्रत तुमच्याकडे हवी. त्यात हे शोधा:

- बोटीचं नाव, तिचा आयएमओ क्रमांक आणि झेंडा. झेंड्याच्या देशाने एमएलसी मान्य केला आहे का ते आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या संकेतस्थळावर दिसतं.
- मूळ वेतन, ओव्हरटाइम आणि भत्ते वेगवेगळे. नुसता एकगठ्ठा आकडा असेल तर विचारा. पगार दरमहा, हिशेबाच्या चिठ्ठीसह.
- मुदत. भारतीय किनाऱ्यावर ती काही महिन्यांची असते, आखातात लांबते. मुदत संपल्यावर परतीचा खर्च मालकाचा.
- विश्रांती. २४ तासांत किमान १० तास, सात दिवसांत किमान ७७ तास. दिवसाची विश्रांती फार तर दोन तुकड्यांत, त्यातली एक सलग सहा तासांची. सहा तास काम, सहा तास सुट्टी अशी पाळी बोटीवर सर्रास असते. ती या नियमात जेमतेम बसते. पण सुट्टीच्या सहा तासांत माल चढवायला उठवलं की नियम मोडला. नोंदवहीत खोटे तास लिहून सही मागतील. करू नका, अपघात झाला तर तीच सही तुमच्या विरुद्ध उभी राहते.
- दुखापत, आजारपण. उपचार मालकाच्या खर्चाने. कायद्याने ही जबाबदारी मर्यादित केली तरी १६ आठवड्यांच्या खाली आणता येत नाही.

कंत्राटी कामगार असाल तर यादी वेगळी: मुख्य ठेकेदाराचं नाव असलेलं नेमणूकपत्र, अपघात विम्याच्या पॉलिसीची प्रत, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, आणि तुमचं नाव असलेला गेट पास. चारपैकी काहीच नसेल तर घरी राहा.

आखाताची हाक

शारजाचं हमरिया, अबू धाबीचं मुसफ्फा, सौदीचं दम्माम इथून शेकडो पुरवठा बोटी चालतात आणि त्यांवर आपली माणसं भरपूर. चांगल्या कंपन्या चांगला पगार वेळेवर देतात. वाईट कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या की बोट नांगरावर सोडून देतात, आणि क्रू तिथेच अडकतो: पगार नाही, डिझेल नाही, पुढे पाणीही नाही. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये अशा वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत सर्वाधिक संख्या भारतीयांची होती.

व्हिजिट व्हिसावर बोटीवर चढायचं नाही. ‘दुबईला उतर, तिथून कळेल’ असं ऐकलं तर जायचंच नाही. दुबई सांगून इराणला पोचवलेली मुलं या राज्यातही आहेत. आणि पगार दोन महिने थकला, की एमएलसीच्या व्याख्येत ती बोट सोडून दिलेली ठरते. अशा वेळी मालकाच्या विम्यातून चार महिन्यांपर्यंतचं थकलेलं वेतन, खाणंपिणं आणि परतीचा प्रवास मागता येतो. या विम्याचं प्रमाणपत्र बोटीवर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असतं. चढल्याच्या दिवशी त्याचा फोटो काढा. सहा महिने ‘पुढच्या आठवड्यात देतो’ ऐकत बसलेल्यांची फरफट सगळ्यांत जास्त होते.

आयकर: बॉम्बे हाय म्हणजे परदेश नव्हे

‘बोटीवरचा पगार करमुक्त’ ही समजूत कोकणात घराघरांत आहे. ती अर्धीच खरी. आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात असाल तर तुम्ही सहसा अनिवासी ठरता. मुंबई हाय भारताच्या आर्थिक क्षेत्रात येतं आणि आयकर कायदा त्याला भारतच मानतो. न्हावा ते रिग, रिग ते न्हावा अशा खेपा कितीही केल्यात तरी दिवस भारताबाहेरचे धरले जात नाहीत, मग पगार डॉलरमध्ये मिळो वा बोटीवर परदेशी झेंडा असो. विवरणपत्र भरा. आखातात असाल तर सीडीसीवरच्या साइन-ऑन, साइन-ऑफच्या तारखा आणि पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवा; पुरावा तोच.

चढल्यावर

२७ जुलै २००५ ला ‘समुद्र सुरक्षा’ हे सपोर्ट जहाज एका जखमी स्वयंपाक्याला उतरवायला मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मजवळ आलं. पावसाळी समुद्र, वारा जहाजाला प्लॅटफॉर्मकडे रेटणारा. जहाज गॅस वाहणाऱ्या राइजरवर आदळलं, वायू पेटला, दोनेक तासांत प्लॅटफॉर्म खाक झाला. २२ माणसं गेली. जहाजही नंतर बुडालं. मूळ दुखापत हाताचं बोट कापल्याची होती.

सोळा वर्षांनी, तौक्ते वादळात, पी-३०५ हा राहण्याचा बार्ज किनाऱ्याकडे न नेता तेलक्षेत्रातच ठेवला गेला. नांगर तुटले, बार्ज भरकटून एका रिकाम्या प्लॅटफॉर्मवर आदळला आणि १७ मे २०२१ ला बुडाला. त्यावर २६१ जण होते. तो आणि वरप्रदा ही टग मिळून ८० हून अधिक जीव गेले, त्यांतले बहुतेक कंत्राटी कामगार. वादळाचा इशारा सगळ्यांकडे होता. निघायचा निर्णय मात्र त्या कामगारांच्या हातात नव्हता.

तुमच्या हातात जे आहे ते पहिल्याच दिवशी करा. आपली मस्टर जागा (संकटात जमायचं ठिकाण), लाइफजॅकेट आणि तराफा कुठे आहे ते अंधारात सापडेल इतकं पाठ करा. तराफ्याच्या तपासणीची तारीख वाचा. जहाज सोडण्याचा आणि आगीचा सराव महिन्यातून एकदा तरी व्हायलाच हवा. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, तुटलेला दोर माणूस कापून जातो. क्रेनच्या ओझ्याखाली जायचं नाही. डेकवर लाट येत असताना हुक लावायला पाठवलं, किंवा समुद्र खवळलेला असताना बास्केटमधून चढायला सांगितलं, तर थांबा म्हणा. काम थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे असं तेलक्षेत्रातल्या बहुतेक कंपन्यांच्या सुरक्षा धोरणात लिहिलेलं असतं. तो वापरणाऱ्याकडे बोसन तिरक्या नजरेने बघेल. बघू द्या.

काही बिघडलं तर

खलाशासाठी क्रम असा: आधी बोटीवरच्या तक्रार पद्धतीने लेखी तक्रार कॅप्टनकडे, प्रत स्वतःकडे. मग आरपीएसएल कंपनीकडे ईमेल; परदेशी मालक पळाला तरी इथल्या परवानाधारकाची जबाबदारी उरते. मग डीजी शिपिंगच्या तक्रार व्यवस्थेकडे. सोबतच संघटनेकडे: नुसी किंवा फॉरवर्ड सीमेन्स युनियन, अधिकाऱ्यांसाठी मेरिटाइम युनियन ऑफ इंडिया. परदेशी बंदरात असाल तर आयटीएफचा निरीक्षक आणि आपला दूतावास. फोनवरच्या आश्वासनांना अर्थ नाही, सगळं ईमेलवर.

कंत्राटी कामगारांनी मात्र डीजी शिपिंगच्या फेऱ्या मारू नयेत. तेलक्षेत्र केंद्राच्या कक्षेत येतं, म्हणून तक्रार केंद्रीय श्रम आयुक्तांच्या कार्यालयात करायची. राज्याच्या कार्यालयात गेलात तर तेच तुम्हाला तिकडे पाठवतील आणि महिना जाईल.

निघण्यापूर्वी घरच्यांच्या फोनवर एवढं पाठवून ठेवा: पासपोर्ट, सीडीसी आणि कराराच्या प्रत्येक पानाचा फोटो, बोटीचं नाव व आयएमओ क्रमांक, एजंटचा परवाना क्रमांक आणि कार्यालयाचा लँडलाइन, विम्याची प्रत, सोबत जाणाऱ्या दोन मुलांच्या घरचे फोन. आणि बँकेत, भविष्य निर्वाह निधीत, विम्यात वारसाचं नाव लावलं आहे का ते पाहा. लग्न झाल्यावर ते बदलायचं बहुतेक जण विसरतात.